दृश्य चौदा, पूल, संध्याकाळ

सकाळी हसितला नऊ पानं वाचायला दिली.
तो कॅमेरावाला माणूस, पानं वाचत नाही, चाचपतो.
दोन कप कडक चहात त्यानं सात पानं बाजूला सारली
आणि आठव्यावर बोट ठेवलं:
"'त्याच्या आत काहीतरी तुटल्यासारखं होतं.'
हे मी कुठे उभा राहून घेऊ?"

मी गप्प.
वाक्य चांगलं होतं. दोन रात्री खाल्ल्या होत्या त्यानं.

प्रसंग साधा. मुलगा बापाला सांगतो,
दांडिया बाजारातलं दुकान विकलं.
सांगतो, समजावतो, कर्जाचा हिशेब मांडतो, रडतो.
बाप दुकानाची सुरुवात सांगतो, सालासकट.
चौतीस संवाद.
आणि दुकान फ्रेमचं. त्यासाठी मला
फार लांब जावं लागलं नव्हतं.

माझे वडील पंचेचाळीस अंशांत करवत चालवायचे.
फाइन आर्ट्सची पोरं उधारीवर चौकटी न्यायची,
फेडायची कधी पैशांनी,
कधी रेघांच्या एखाद्या म्हशीनं.
एकदा एक मुलगी कडेपर्यंत रंगवलेला कागद घेऊन आली,
म्हणाली, काका, यातलं काहीच झाकू नका.
वडिलांनी पेन्सिल कानावरून काढली.
"चौकट थोडं खातेच, बाई.
तिला काय खायला द्यायचं
ते आधी ठरवून रंगवत जा."

दुपारी स्कूटरवरून काळाघोड्याच्या पुलावर गेलो.
विश्वामित्री हिरवी, जाड, हलायचं विसरलेली.
कठड्याला नेहमीची माणसं टेकलेली:
रिकाम्या किटल्यांचा दूधवाला,
शेवउसळीची पिशवी हँडलला अडकवलेला रिक्षावाला,
कॉलेजच्या दोघी, एकाच छत्रीच्या सावलीत.
सगळी मगर बघायला थांबलेली.
कुणी म्हणत होतं ती बघा, कुणी म्हणत होतं दगड.
एकमेकांची नावं माहीत नसताना
अर्धा तास भांडत होती.

हसित खाली बसला, कठड्याच्या फटीतून बघत राहिला.
पँटला धूळ घेऊन उठला.
"पाणी मी देतो तुला," म्हणाला,
"बाकीचं तू बघ."

रात्री आधी झाडू मारला.
'वाटतं' काढलं, 'आठवतं' काढलं,
'जणू' तर सहा ठिकाणी सापडला,
झुरळासारखा, उजेड पडला की पळणारा.
उरलं ते असं:

    बाह्य. काळाघोडा पूल. संध्याकाळ.
    बाप आणि मुलगा कठड्याशी.
    मुलाच्या हातात कापडी पिशवी,
    पिशवीत कुलूप. उघडं.
    बाप पाण्याकडे बोट करतो.

        बाप: मगर.
        मुलगा: दगड आहे तो, बाबा.
        बाप: दगड इतका दम धरत नाही.

    दोघं बघतात.
    बाप पिशवी आपल्याकडे घेतो.
    हात किंचित खाली जातो, वजनानं.
    पाणी.
    पुन्हा पाणी.
    दगड होता तिथे आता काही नाही.

पाऊण पान.
पहाटे वाचून पाहिलं तेव्हा
कोणी काय विकलं, ते त्यात कुठेच नव्हतं,
आणि तरी मला खुर्चीतून उठवेना.

खरं तर मी फोनवर सांगितलं होतं वडिलांना,
अहमदाबादच्या हायवेवर, गाडी कडेला घेऊन.
ते म्हणाले होते, "तुझा आवाज येत नाहीये."
आवाज स्वच्छ जात होता.
मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा म्हणाले.
हे मी सिनेमात घातलेलं नाही.
एवढं चौकटीला दिलं.

हसितनं पान उभ्या उभ्या वाचलं,
बराच वेळ, पाऊण पानाच्या मानानं बराच.
मग विचारलं,
"कुलूप पितळी की लोखंडी?
पितळी असेल तर मावळतीला चमकेल,
लोकं त्यालाच बघत बसतील."
लोखंडी, मी म्हणालो. अलिगढी, जुनं.
"मग कलावाल्याला सांगतो, शोधून ठेव."
नको सांगूस, मी म्हणालो.
घरी आहे.