रफार

चार कॉम्प्युटर, सोसायटी एक.
पहिला ऑफिसात, दुसरा बर्फाच्या कारखान्यात,
तिसरा डिझेल पंपाच्या खिडकीमागे,
आणि चौथा हर्णै बंदरावर, लिलावाच्या शेडमध्ये,
ज्याच्या की-बोर्डातून मी मूठभर खवले झटकले.

मी दापोलीहून उतरलो, वायरचं भेंडोळं
मागच्या सीटला बांधून.
काम सांगायला सोपं:
कुठूनही शोधावं, कुठलंही सापडावं.
पावसेंच्या नौकेचा विमा कुठल्या मशीनवर
हे बघायला तृप्तीला
दिवसातून चारदा वाळू तुडवायला लागू नये.

आजवर कसं चालायचं, विचारलं,
तर तात्या दोरकुळकर खिडकीशी गेले,
तोंडाला हात लावून ओरडले,
"ओ इस्माईल, चोगल्याचं डिझेल किती बाकी?"
आणि पंपावरून उत्तर आलं, पैशांसकट.
"वारा उलटा असला की पंचाईत," तात्या म्हणाले.

पहिला दिवस प्लग बदलण्यात गेला.
खाऱ्या हवेनं तांब्याला हिरवा बुरा आला होता,
आणि सुकटीचा वास लागलेली वायर
उंदरांनी अर्धी संपवली होती.
दुसऱ्या दिवशी चौघांना पत्ते दिले,
सगळे आकडे सारखे, शेवटचा तेवढा निराळा,
एका घरातल्या पोरांसारखे.
फोल्डर उघडे केले. कोणी काय बघायचं
यावर दीड तास वाद.
इस्माईलचं म्हणणं, बर्फाची उधारी
पंपावर दिसता कामा नये. ठीक. एक कुलूप.

रात्रभर मशीननं वाचलं.
सकाळी तृप्तीनं टाइप केलं: पापलेट.
शून्य.
दहा वर्षांच्या लिलावाच्या याद्या, आणि पापलेट शून्य.

जुना फॉन्ट.
डोळ्यांना दिसतो पापलेट,
आत इंग्रजी अक्षरांचा कचरा.
माणसाला मासा, मशीनला नुसते काटे.

मग सगळं युनिकोडमध्ये ओतलं,
एकोणीसशे फाइली, एका दुपारी.
पापलेट आला. सुरमई आली.
फक्त रफार गळाले, एकूण एक,
वादळात कौलं जावीत तसे.
कर्जाचं कज झालं, खर्चाचा खच,
लेटरहेडवर गावच हणै.
त्याचं काही नाही. मशीन लाल रेघ मारतं,
आपण दुरुस्त करत जायचं.
पण दर्याचा रफार उडाला
तिथे दया उरली,
आणि दया मशीनला मान्य आहे.
तिच्याखाली रेघ येत नाही.

"दया खवळल्याने लिलाव बंद."
"दयाला नारळ, रुपये चाळीस."
"खलाशी दोन, दयात बेपत्ता."

तृप्ती हसत वाचत होती,
तिसऱ्या ओळीला थांबली.
मी म्हटलं, राहू द्या ना, वाईट काय आहे?
तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"तू वरचा, डोंगरावरचा.
लाव तो रफार. दर्याच्या नावावर
दया खपवू नको."

सगळीकडे एकदम बदलताही येईना.
दयासागर नावाची नौका खरीच आहे,
दयानंद नावाचे सभासद तीन.
म्हणून तृप्ती एकेक ओळ वाचत बसली,
विचारत, हा कोण, तो कोण,
जिथे समुद्र होता तिथे
वर रफार ठेवत.

दिवे लागले तेव्हा शोधलं: दर्या.
आठशे सेहेचाळीस जागी,
पापणी लवायच्या आत.
मग तिनं, सहज, दया शोधलं.
तीन सभासद, एक नौका,
आणि बर्फाच्या कारखान्यातली एक ओळ.
यादीत दिसते, फाइल उघडत नाही.
इस्माईल मशीन बंद करून घरी गेलेला.

"आज दया शांत. सव नौका परत. बफ पन्नास लादी."

उद्या लावते, तृप्ती म्हणाली,
आणि शटर ओढलं.