सांधणी

शेवटची साडी उतरवली तेव्हा नायनांनी
कात्री फणीच्या अलीकडे चालवली.
पलीकडचं वीतभर सूत तसंच ठेवलं,
वह्यांमधून ओवलेलं,
आणि सगळं जुन्या धोतरात गुंडाळून
दाराआडच्या खिळ्याला टांगलं.

खड्ड्यावर फळी आली.
फळीवर अंबादासचं वॉशिंग मशीन.
ते गरगरलं की भवानी पेठेतलं आमचं घर
पुन्हा हलायचं, फक्त ताल चुकीचा.

रंगारी विचारायचे, हे काढू का?
आई म्हणायची, राहू दे, त्यांचं आहे.
चष्मा असावा तसं.

मी रास्ता पेठेतल्या लॅबमध्ये रक्त काढते.
दिवसाला साठ हात.
शीर दिसत नसली की डोळे मिटते,
बोटानं शोधते.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं, असं वाटायचं.

चौदा वर्षांनी फळी उचलली.
खड्ड्यात दोन पावड्या,
डावी जास्त झिजलेली.
एक खडूचा तुकडा, माझाच असावा.

सोलापूरहून ताणा मागवला. सत्तावीसशे धागे.
जुन्या टोकाला नवं टोक, चिमटीत पीळ,
ड्युटीवरून आल्यावर रोज दीड-दोनशे.
नायनांना आता उजेड तेवढा कळतो.
भिंतीला टेकून म्हणाले,
राख लाव बोटांना, सूत घसरतंय.
गॅसच्या घरात राख कुठली?
देव्हाऱ्यातली, उदबत्तीची घेतली.
अख्खा ताणा चंदनाचा वास मारत होता.

मधे एकतीस धागे उंदरानं खाल्लेले.
तिथं बांधायला जुनं काही नव्हतंच.
नवेच ओवले. बोलले नाही.

गाठी फणीतून अलगद ओढल्या,
वीतभर विणलं, काठ वाकडा आला.
नायना बोटं फिरवत गेले,
खरखर, खरखर,
आणि डावीकडे थांबले.
इथं गाठी नाहीत.
उंदरानं खाल्लं होतं, म्हटलं.
किती?
एकतीस.
तेलुगूत काहीतरी पुटपुटले,
हिशेब की शिवी, कळलं नाही.
बोट मात्र तिथंच, बराच वेळ.

मग म्हणाले, सांध्याचं कापड विकायचं नसतं.
कापून पायपुसणं कर.

केलंय.
मोरीच्या दाराशी आहे,
वॉशिंग मशीनच्या पुढ्यात.
अंबादास अजून त्याला वळसा घालून जातो.