नैऋत्य कोपरा

पलीकडच्या परसात आज पिवळं यंत्र आलं.
कुंपणाच्या फळीतली एक गाठ निसटलेली आहे,
तिथे डोळा लावून मी उभा.
पंच्याहत्तरीत हे शोभत नाही. पण
चाळीस वर्षं मी लोकांच्या घरात फरश्या बसवल्या,
जमीन उघडी पडली की राहवत नाही.

क्लेम नोस्केचं कोर्ट.
म्हणायला टेनिसचं, एरवी सगळ्याचंच:
नाताळात क्रिकेट, पोरीच्या लग्नात तंबू,
एकदा कुणाची तरी चुकलेली मेंढी
दोन दिवस नेटच्या खांबाला बांधलेली.
वर डांबर, डांबरावर त्यानंच दिलेला हिरवा रंग,
आणि खाली आमची ही माती,
अॅडलेडच्या उत्तरेची, चिकण,
जुलैत फुगणारी, जानेवारीत आकसणारी.

दर उन्हाळ्यात त्या एका कोपऱ्यात भेग पडायची.
क्लेम तिच्यात आधी नाणं उभं घालून बघायचा,
मग बोट,
मग दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही.
रात्री अकराला कोर्टाच्या कडेनं नळी फिरवायचा.
"माती कोरडी असो की ओली,
सगळीकडे सारखी हवी," म्हणायचा.
पाण्यावर बंदी आली त्या वर्षी
आंघोळीचं पाणी बादलीनं नेऊन ओतलं.
एका रात्रीत एकोणीस बादल्या. मी मोजल्या होत्या.

आता तो नाही. त्याची मेरिडिथ आली आहे,
नातवंडांसाठी कृत्रिम गवत घालून घ्यायला.
कंत्राटदार थानासी, कानामागे पेन्सिल,
डांबराचे पापुद्रे उचकटतो आहे.
खालून निघाले दोन चेंडू, केस झडलेले,
आणि माझ्या मनगटाएवढं एक मूळ.

थानासीनं यंत्र बंद केलं. गुडघ्यावर बसला.
"हे पूर्वी कुणीतरी करवतलंय," म्हणाला,
"आणि तोंडाला डांबर फासलंय. नीट. जखमेला फासावं तसं."
मुळाचा रोख कुंपणाकडे. माझ्याकडे.
माझ्या पियाची निलगिरी ती,
जे मूल घरी आलंच नाही
त्याच्या वर्षी लावलेली.

म्हणजे क्लेमला ठाऊक होतं.
तीस उन्हाळे त्याच्या कोपऱ्याचं पाणी
आमचं झाड पीत होतं, आणि तो
कुंपणावरून टोमॅटो देत होता,
शिव्या मात्र मातीला.

मी फाटकातून आत गेलो. म्हटलं,
झाड माझं आहे, पाडा.
मेरिडिथनं कोर्टाची जुनी फाईल आणली,
रंगाच्या पावत्या, नेटची बिलं,
एका पाकिटाच्या पाठीवर बापाचं अक्षर:
नैऋत्य कोपरा. हात लावू नये.
ती म्हणाली, "मला वाटायचं, खाली गॅसची नळी असेल."

मग पंधरा दिवस कामच काम.
मुळाच्या अलीकडे जाड प्लास्टिकचा पडदा, मीटरभर खोल,
मातीत चुना, कडेला पाण्याची वाट,
खडी, रोलर, पुन्हा खडी,
थानासीची लेझर आणि माझी म्हातारी नजर,
एकदा मीच जिंकलो, चार मिलिमीटरनं.
वर गवताच्या गुंडाळ्या,
गवतात वाळू, झाडूनं भरलेली.

पहिला चेंडू मेरिडिथनं मारला.
मी कान टवकारले. काहीच नाही.
ओल्या पावावर काही पडावं तेवढंच.
पूर्वी मी पिया झोपल्यावर अंधारात पडून
नुसत्या टप्प्यांवरून ओळखायचो
क्लेम हरतो आहे की जिंकतो आहे.
बहुतेकदा हरायचा.

"आता भेग पडणार नाही ना?" मी थानासीला विचारलं.
पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवत म्हणाला,
"गवत प्लास्टिकचं आहे. माती नाही."

जानेवारी. बेचाळीस अंश.
रात्रीचे अकरा वाजले आहेत, नळी माझ्या हातात आहे.
झाडाच्या बुंध्यापासून कुंपणापर्यंत
हळूहळू चालतो आहे मी,
याही बाजूनं सारखी हवी.