नोंद वापरात आहे

एकतीस तारीख. रात्रीचे अकरा वाजून दहा.
महापेच्या चौथ्या मजल्यावरचा एसी बंद करून सगळे गेलेत.
सर्व्हरच्या खोलीत तेवढा चालू आहे,
म्हणून मी तिचं दार किलकिलं ठेवून
थोडा गारवा उसना घेतो.

बारा वाजता महिना बंद होतो.
आमच्याकडे महिना आपोआप संपत नाही,
तो कुणीतरी बंद करावा लागतो,
दुकानाच्या शटरसारखा, वाकून.
गेली नऊ वर्षं मी वाकतोय.

तळोज्याहून मढवींचा फोन. गेट नंबर दोन.
"साहेब, टँकर उभा हाय सातपासून.
चलान निघत नाय.
डायवर टायरला टेकून झोपलाय."
बघतो, मी म्हणतो.
हा शब्द मी दिवसातून चाळीसदा म्हणतो
आणि खरंच बघतो.

प्रिंटर जिवंत. रांग रिकामी. नेटवर्क ठणठणीत.
कालच्या पॅचवर माझा पहिला संशय
(त्याच्यावर नेहमीच असतो, बिचारा),
तोही निर्दोष सुटला.
मग कुलपांची यादी उघडली.
एकच ओळ:
ऑर्डर सत्तेचाळीस शून्य बारा. नोंद वापरात आहे.
वृषाली तांडेल. सायंकाळी सहा एकोणपन्नासपासून.

सहा एकोणपन्नासला तांडेल मॅडमनी ऑर्डर उघडली,
काहीतरी बदलायला घेतलं
आणि उठल्या.
तेव्हापासून ती त्यांची वाट बघते आहे.
कुणाला हात लावू देत नाही,
शिकवलंय तसं.

माझ्याकडे एक बटण आहे.
दाबलं की कुलूप तुटतं, टँकर सुटतो,
मढवी चहाला मोकळे.
आणि टाइप केलेलं पण साठवायचं राहिलेलं
जातं.
कुठं जातं, ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही.
म्हणून आधी विचारायचं, असा नियम.
नियम मीच लिहिलाय,
एकदा न विचारता तोडलं होतं, त्यानंतर.
(दोनशे पिंपांचा घोळ. तो विषय नको.)

तिसऱ्यांदा फोन उचलला.
मागे ट्रॉलीची चाकं, कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारतंय.
"नेरूळला आहे," त्या म्हणाल्या, "आयसीयूच्या बाहेर.
बाबांना आणलंय. मी तशीच उठले हो,
स्क्रीन चालूच राहिली का?"
राहिली, मी म्हटलं. काही बिघडलं नाही.
"काय बदलत होते तेच आठवत नाही.
तोडा तुम्ही."

मी बटणावर बोट नेलं.
"थांबा थांबा. वजन.
अठरा टन नाही, साडेसतरा. काट्यावरून फोन आला होता.
तेवढं बघाल?"
आवाज एकदम डिस्पॅचचा,
रोज सकाळी साडेनऊचा.
मग पुन्हा ती चाकं, आणि फोन कट.

कुलूप तोडलं.
आकडा बदलायचा अधिकार मला नाही;
मढवींनी रात्रपाळीच्या पोराला हलवून उठवलं,
त्यानं डोळे चोळत साडेसतरा लिहिलं.
आधी साडेसात लिहिलं, मग साडेसतरा.
प्रिंटर खाकरला.

आता तक्रार बंद करायची.
कारण निवडल्याशिवाय ती बंद होत नाही:
वापरकर्त्याची चूक. यंत्र. नेटवर्क. इतर.
मी पहिल्यावर गेलो, सवयीनं.
मग खाली उतरलो, "इतर"वर.
"इतर"ला खुलासा लागतो, किमान दहा अक्षरं.
लिहिलं: उठून जावं लागलं.
त्यानं मुकाट्यानं घेतलं.

बारा वाजून चार मिनिटांनी महिना बंद केला.
या चार मिनिटांचं उद्या विचारतील.
मढवींचा पुन्हा फोन:
"गेली गाडी, साहेब. डायवर इचारत व्हता,
बिघडलेलं काय नक्की?"
काही नाही, म्हटलं,
आणि सर्व्हरच्या खोलीचं दार लावून घेतलं.