रकडगदनं

खानापूरच्या पतसंस्थेत दुपारचे सव्वातीन.
काउंटरवरून भरमाण्णांची हाक,
"अजून फिरायलंय की हे!"
पडद्यावर गोल चक्र,
जाळीपलीकडे यल्लूबाई, हातात पासबुक.
नावाचा पुढचा भाग वाळवीनं खाल्लेला,
उरलंय फक्त: ...गडकर.

बेचाळीस लाख ओळींचा एकच तक्ता.
मी विचारलं, शोधता कसं?
"शेवटचं तेवढं टाकतो. पुढचं असतंय कुठं?"

आतली योजना उघडून पाहिली.
संगणक पहिल्या ओळीपासून पायी निघालेला,
दर गिऱ्हाइकासाठी नव्यानं,
शेवटच्या ओळीपर्यंत.
इंडेक्स होता की. चांगला, कामसू.
पण तो दार ओळखतो आद्याक्षरावरून,
आणि आपण त्याला शेपूट दाखवतो.
त्यात हा तालुका!
हलगेकर, गुंजीकर, कडोलकर, मुतगेकर,
गाव पुढे, आणि मागे सगळ्यांचा एकच कर.
जुन्या नोंदी मराठीत, नंतरच्या कन्नडमध्ये,
एकाच घरातले दोन भाऊ दोन लिप्यांत.
ते उद्या, म्हटलं. आज एवढंच.

शटर ओढल्यावर एक नवा रकाना जोडला:
तेच नाव, उलटं.
नंदगडकर झाला रकडगदनं.
त्यावर इंडेक्स बांधायला घेतला.
एकतीस टक्क्यांवर लाईट गेली.
यूपीएस कण्हत राहिला.
भरमाण्णा घरी गेले नाहीत,
चिरमुऱ्याचा पुडा मध्ये ठेवून
अंधारात स्वतःचं नाव उलटं म्हणून बघत होते,
"ण्णामारभ... हे काय नाव झालं व्हय?"

सकाळच्या पहिल्या बसनं यल्लूबाई पुन्हा हजर.
मी टाकलं: रकडग.
चक्र दिसलंच नाही.
नंदगडकर, गंगूबाई. खातं त्र्याऐंशी सालचं.
शिल्लक एकशे बारा रुपये चाळीस पैसे.

एवढ्यासाठी? माझ्या तोंडून निघून गेलं.
त्या म्हणाल्या, "सासूचं आहे. बंद करायचं राहिलंय,
मरताना तेवढंच बोलली."
आणि पदराच्या गाठीतून
मृत्यूचा दाखला काढला, चार घड्यांचा.

नवी नोंद करायला आता किंचित जास्त वेळ लागतो,
दोन ठिकाणी लिहावं लागतं ना.
हे मी दबकतच सांगितलं.
भरमाण्णांनी मान हलवली,
"खतावणी तरी आणि काय होती?
लिहिताना जीव जायचा.
पान मात्र उघडल्या उघडल्या सापडायचं."
मग जाळीतून हात बाहेर काढून
त्यांनी पुढच्याचं पासबुक घेतलं.