चमकीची बाजू

तासगावच्या स्टँडसमोर आता आम्ही दोघंच उरलोय,
मी आणि झेरॉक्सवाला पिंजारी.
माझ्याकडं लोक येतात ते पासबुकाच्या फोटोसाठी,
नाहीतर घरातलं कुणी गेलं की.

विलास ऐवळे तसाच आला, चौथ्या दिवशी,
बायकोचा मोबाईल टॉवेलात गुंडाळून.
काचेला तडा. पासवर्ड पोरीनं वहीच्या कागदावर लिहून दिलेला.
म्हणाला, ह्यात हाय ती. मोठी करून द्या.

दोनशे बारा वेळा शालन.
बेदाण्याच्या शेडमध्ये, तोंडचा रुमाल हनुवटीखाली ओढून,
हाताला डिपिंगच्या तेलाची चकाकी.
एसटीच्या खिडकीशी, मागं पळता ऊस.
रात्री न्हाणीतल्या बल्बखाली,
कारण घरात उजेड तेवढाच बरा.
एकात नुसतं कपाळ आणि पत्रा.
एकात ती हसायच्या बेतात
आणि तेवढ्यात आतून हाक आलेली.

दुसऱ्यानं काढलेला एकही नाही.
मी विचारलं, तुम्ही कधी...?
तो काउंटरवरची धूळ
बोटानं एका जागी गोळा करत राहिला.

माझे वडील काळ्या कापडात डोकं खुपसून
आतून ओरडायचे,
काचेत बघा! माझ्याकडं नको, काचेत!
तालुक्यातली निम्मी माणसं त्या काचेत बघून गेली,
श्वास धरून, गुडघ्यावर मुठी ठेवून.
आपण कसे आलोय ते कळायला आठ दिवस.
आठ दिवस माणूस आपला चेहरा
दुसऱ्याच्या हवाली करून
निवांत भांगलायला जायचा.

शालनची नजर काचेत नाही.
जरा खाली आहे, पडद्यावर,
जिथं तिला ती दिसत होती.
भिंतीवर लावली तर ही बाई
घरातल्या कुणाकडंच बघायची नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.

त्यातल्या त्यात पिवळ्या साडीतला निवडला.
खालच्या कोपऱ्यातून एक दंड पुढं आलेला,
मोबाईल धरलेला, म्हणजे आपल्याकडंच आलेला.
हाराच्या फोटोत असा हात चालत नाही.
खांद्यापासून काढून टाकला.

प्रिंट त्यानं लांब धरली, मग जवळ.
ही न्हवं, म्हणाला.
अहो, तुमच्याच मोबाईलमधली...
चमकी, म्हणाला. ह्या अंगाला न्हवती तिची.
आणि स्वतःच्या नाकाच्या डाव्या पाळीवर बोट ठेवलं.

खरंच की. मोबाईलनं आरसाच जपून ठेवला होता.
एक बटण दाबलं, चेहऱ्यानं कूस पालटली,
भांगाचं वळण पलीकडं, चमकी आपल्या जागी.
हां, म्हणाला. ही.
एकतीस वर्षांत एक फोटो न काढलेला माणूस.

लग्नात स्टेजखाली उभा राहून मी कैक वेळा म्हणालोय,
सगळे आपापलं तोंड काढत बसलेत,
कुणी कुणाकडं बघत नाही.
त्या दिवसापासून हे म्हणताना
माझी जीभ जरा अडते.

निघताना तो आरशापाशी थांबला.
गिऱ्हाइकांसाठी आहे तो,
दोऱ्याला बांधलेला कंगवा, पावडरीचा डबा.
फ्रेम छातीशी, शालन बाहेर बघणारी.
आरशात चमकी परत उजवीकडं गेली.
म्हंजे तिची तिला अशी दिसायची व्हय ती?
व्हय, म्हणालो.
तो फ्रेमकडं बघायचा, मग आरशात,
मग परत फ्रेमकडं.
पिंजाऱ्याचं मशीन पलीकडं कुणाचा तरी सातबारा ओढत होतं.
मग का कोण जाणे, दोऱ्याचा कंगवा घेऊन
त्यानं स्वतःचे केस नीट केले.

साडेतीनशे झालेले. चारशे देऊन गेला,
माझ्याकडं सुटे नव्हते.
पन्नास अजून द्यायचेत.
आणि तो हातही इथंच आहे, संगणकात,
खांद्यापासून सुटा,
काहीतरी लांब धरून.