गाठ मारलेली पात

रात्री साडेदहाला ती येते
आणि काही बोलत नाही.
दिवसभराचा आवाज
कात्रज–शिवाजीनगरच्या फेऱ्यांत सांडून आलेला असतो,
सुट्ट्या पैशांसकट.

मी गॅलरीत जातो, मोबाईलच्या उजेडात.
रंगाच्या जुन्या डब्यात गवती चहा माजलाय.
कात्रीनं कापायचा, हातानं ओढायचा नाही,
हे बोटाला चीर पडल्यावर कळलं.
तीन पाती. तुळशीची चार पानं,
पुदिना उरलाय तेवढा.
आलं ठेचतो हलक्या हातानं,
खालचे फडतरे झोपलेले असतात.

पातीची गाठ मारून उकळत्या पाण्यात सोडतो.
दूध नाही. साखर नाही.
गॅस बंद, वर ताटली.
आता थांबायचं.
कंपनीला टाळं लागल्यापासून
थांबणं मला नीट जमायला लागलंय.

ताटली काढली की
तळजाईच्या टेकडीवरून
कुणी अनवाणी उतरून आल्यासारखा वास.

ती खाकी न बदलता ओट्यापाशी उभी.
पहिला घोट.
"पाणीय हे नुसतं,"
म्हणजे ओठ तसे हलतात.
दुसऱ्या घोटाला डोळे मिटते.
तिकिटाच्या मशीनच्या पट्ट्याचा वळ
मानेवर अजून लाल.

कप अर्धा होतो.
मी शेजारी जाऊन टेकतो, जरा जास्तच जवळ.
तिच्या घशात काहीतरी सैल होतं,
आधी खरखर,
मग अख्खे दोन शब्द:
"पुढं सरका."

सरकतो.